गाठीखाली चार बोटं

॥ श्री ॥
नवापूर, १४ नोव्हेंबर १९९७

चि. दादूस ताईचे आशीर्वाद, आणि भेटशील तेव्हासाठी राखून ठेवलेले दोन धपाटे.

तुझं बँकॉकचं कार्ड पोचलं. हत्तीचं चित्र छान, पण तू कसा आहेस ते लिहायला हत्तीनं जागा ठेवली नाही वाटतं. आम्ही खुशाल. तुझे भाऊजी बोटीवर गेलेत, घोळ माशाच्या मागे.

तू घर सोडलंस तेव्हा मी दारातून आडवी निघायचे. आता बघशील तर ओळखणार नाहीस. रक्तात साखर निघाली तेव्हा बोईसरच्या डॉक्टरांनी दम भरला. मग मी टेम्पो सोडला आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत पायी जायला लागले. दोन वर्षांत निम्मी झाले. गावाला वाटतं क्षय झाला. आय म्हणते, चांगली भरलेली पोर, कुणाच्या नजरेनं बोंबलासारखी वाळली. मी पुन्हा जाडी झाले की माझ्या वजनाचा गूळ देईन असं ती देवीला बोललीय. देवीनं ऐकू नये म्हणून मी वेगळा नारळ फोडून आले.

आता खरं दुखणं सांगते. चरबी गेली, कातडं राहिलं. पोटावरून पदरासारखं लोंबतं. लुगड्याची गाठ नेमकी त्याच्या घडीत बसते, वरून घाम आणि पाटीतलं खारं पाणी उतरतं, आणि कातडं फुटतं. मलमं झाली, पावडरी झाल्या. पावसाळ्यापासून मी मॅक्सी घालून घरी बोंबील वाळत घालते आणि माझी पाटी जाऊबाई सुलू नेते. बोईसरच्या कॉलनीतल्या माझ्या गिऱ्हाइकांनी तिला विचारलं म्हणे, की जयवंती गेली का.

तू मागे लिहिलं होतंस की तुझ्या सेठच्या वहिनीनं तिथल्या दवाखान्यात असंच लोंबतं कातडं काढून घेतलं. नीट चौकशी कर. मुंबईत केलं तर अख्खं गाव डबे घेऊन टाके बघायला येईल, आणि आय मला खाटेवरून उठवून घरी आणेल. तिथे यायला तिला समुद्र ओलांडावा लागेल. मला लुगडं नेसून पाटी उचलायची आहे, एवढंच. रूप देवानं दिलंय ते पुरे.

माया आहेच, तीही वाळवून ठेव म्हणजे टिकेल.
तुझी ताई,
जयवंती


बँकॉक, ९ डिसेंबर १९९७

ती. ताईस दादूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच दवाखान्याकडे निघालो. वाटेत एक गाडी लागली. इथे सुका माकूल मासा उसासारखा चरकातून काढतात. कागदासारखा पातळ होऊन लांबच लांब येतो, मग त्यावर तिखट पाणी. ताई, तुला काय सांगू! असा चरक बोईसर स्टेशनाबाहेर टाकला तर कारखान्यांतले भय्ये रांग लावतील. मी गाडीवाल्याला चरक कुठे मिळतो विचारलं, तो मला त्याच्या मेव्हण्याकडे घेऊन गेला, मेव्हणा नदीपलीकडे राहतो. तर दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेलो.

डॉक्टर म्हातारा आहे, भला वाटला. होईल म्हणतो. पण आधी वजन एका जागी थांबलेलं पाहिजे आणि फुटलेलं कातडं बरं झालेलं पाहिजे. नंतर दीड महिना इथेच राहायचं. हल्ली इथला पैसा पडलाय, त्यामुळे तुला झेपेल असं सेठ म्हणतो. सगळं ठीक, पण त्यानं मला फोटो दाखवले. ताई, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत कापतात! मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. सिस्टरनं पाणी दिलं.

शिवाय फेब्रुवारीत मला पिनांगच्या बोटीवर स्वयंपाक्याचं काम मिळतंय. पिनांगला डोंगरावर चढणारी रेल्वे आहे म्हणे. तेव्हा पुढच्या वर्षी बघू या का? मॅक्सी काय वाईट आहे, कॉलनीत सगळ्याच घालतात.

आयला दंडवत. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा दादू


॥ श्री ॥
नवापूर, ६ जानेवारी १९९८

चि. दादूस आशीर्वाद. धपाटे आता चार झाले.

पिनांगचा डोंगर कुठे पळून जात नाही. पळतोस तू. सातवीत शाळेतून पळालास, माहीमच्या वाडीतल्या कामावरून पळालास, लग्न ठरलं तेव्हा मागच्या दारानं पळालास. एवढा दीड महिना पाय बांधून बस. मी पासपोर्ट काढला. फोटोवाला म्हणाला, हसा. म्हटलं, जखम सुकली की हसेन. ती आता सुकलीय. पावसाळ्यापासून लुगडं लावलं नाही अंगाला. वजनही काट्यावर एका जागी उभं आहे.

पाटल्या विकल्या. तशाही हातातून निसटून कोळंबीत पडायच्या. आयनं त्यावरून आकांत केला. देवानं दिलेलं कातडं कापायला परमुलखात चाललीस, टवळे, वरती गेल्यावर देव हिशेब मागेल, म्हणाली. मी म्हटलं, देवाला सांगेन की कापड उरलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनंच लाडवांचा डबा पुढे केला, म्हणे लांब जातेस, अंग धर. अंग धरलं तर डॉक्टर परत पाठवील, म्हणून लाडू सुलूच्या पोरांना दिले. तुझे भाऊजी एवढंच म्हणाले, की तुझं पोट आहे, तू ठरव, फक्त दादू विमानतळावर येईल याचा भरवसा मला नाय.

मलाही नाही. तरी मी निघतेय, ३ फेब्रुवारीला. समुद्राला कधी भ्याले नाही, त्याच्यावरून उडायला कशाला भिऊ.

तुझ्यावर माया आहे, भरवसा आता तू कमाव.
ताई


बँकॉक, १२ फेब्रुवारी १९९८

ती. आत्माराम भाऊजींस दादूचा सा. न. वि. वि.

भाऊजी, आधी हे वाचा. ऑपरेशन झालं, ताई सुखरूप आहे, भात मागते आहे. आणि मी विमानतळावर गेलो होतो, तीन तास आधी. पिनांगच्या बोटीला नकार कळवला.

पण काय घोळ झाला तो ऐका. आदल्या संध्याकाळी डॉक्टरनं ताईला उभं करून पोटावर निळ्या शाईनं रेघा काढल्या. कुठे कापायचं त्याची ती खूण. मला वाटलं ते तिला कळलं असेल. सकाळी ताईनं काय करावं? नव्या होडीवर पाय ठेवताना आपण न्हाऊन ठेवतो, तशी ही पहाटे उठली आणि गावाहून आणलेल्या काथ्यानं पोट लख्ख घासून बसली! देवाचं नाव घेऊन टेबलावर झोपायचं तर अंगावर मळ कसा ठेवू, म्हणाली. सिस्टरनं कपाळाला हात लावला. आज होत नाही, डॉक्टर रागावतील, घेऊन जा हिला, असं काहीबाही. ताईचा चेहरा पांढरा पडला. पण म्हणाली, सांग तिला, मी इथून हलायची नाय.

आता माझं थाई किती! म्हणून मी सिस्टरला शांत करायला आपल्याकडची हकीकत सांगत सुटलो. समुद्र, बोंबील, बाजार, सगळं. पाटी उचलताना जोर कुठे येतो ते काही तिला कळेना. म्हणून खाटेवरची चादर ओढली, पँटवरच कासोटा घालून लुगडं नेसलो, पोटाशी गच्च गाठ मारली आणि डोक्यावर बादली घेऊन चालून दाखवलं. सिस्टर हसून भिंतीला टेकली. आणि दारात डॉक्टर.

मी मेलो, असं वाटलं. पण तो हसला नाही. वाकून माझ्या पोटावरची गाठ चाचपली. मग ताईला म्हणाला, तुझं लुगडं आणलंयस का, नेसून ये. ती नेसून आली. कालची रेघ, भाऊजी, बरोबर त्या गाठीच्याच जागी होती. टाके तिथे पडले असते तर जन्मभर तेच घासणं, तेच फुटणं. पुसलंस ते बरं केलंस, म्हणाला, आणि पुन्हा शाई घेऊन गाठीखाली चार बोटं सोडून नवी रेघ काढली. त्यावर काथ्या चालवू नये म्हणून सिस्टरनं काथ्याच काढून घेतला. दुपारी ऑपरेशन झालं.

आता ती वाकून चालते, आणि मला म्हणते तू सरळ चाल. ती परत निघेपर्यंत मी इथून हलत नाही. चरकाचा विचार मात्र सोडलेला नाही.

आयला दंडवत. लोभाचा विषय काढायला आता मला तोंड आहे, म्हणून काढतो.
दादू


॥ श्री ॥
नवापूर, १४ ऑगस्ट १९९८

चि. दादूस अनेक आशीर्वाद. धपाटे सगळे माफ.

पिनांगला पोचलास हे कळलं. डोंगरावरची रेल्वे बघून झाली असेल, आता काम कर.

डॉक्टरांनी सहा महिने ओझं नको म्हटलं होतं, तेवढे मी काढले. एरवी मी कुणाचं ऐकते का? नारळी पुनव झाली, बोटी निघाल्या, परवा पहिली मासळी आली. पहाटे मी पेटीतून हिरवं लुगडं काढलं. नेसायला घेतलं आणि हात थांबला. गाठ मारायची हिंमत होईना. नुसती सैल गुंडाळून उभी राहिले.

आय मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही. गूळ तिनं मागच्या मंगळवारी देऊन टाकलाय, माझ्या आत्ताच्या वजनाचा. देवीला म्हणाली, पोर एवढीच उरलीय, एवढ्यावर भागव. ती पुढे आली, मला वळवलं, माझ्या पोटावरची ती लांब रेघ बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पुटपुटली, की बरं शिवलंय मेल्यानं, जाळ्यालाही कुणी असं शिवत नाय. मग माझ्या हातातून दोन्ही टोकं घेतली आणि गाठ मारली. लहानपणी मारायची तशी, गुडघा लावून, गच्च.

दुखलं नाही, दादू.

पाटी सुलूनं डोक्यावर चढवून दिली. बोईसरपर्यंत चालले. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, अगं बाई, तू आहेस होय. म्हटलं, आहे, पापलेट बघा ताजं.

ज्याच्यामुळे ही गाठ बसली त्या पळपुट्यावर माया पूर्वीपेक्षा चार बोटं जास्तच.
तुझी ताई,
जयवंती