पोटात जाळी बसवण्याआधी

मी, अजिंक्य यशवंतराव नेवाळे, वय तेवीस, राहणार चिखली, टेक्स्टाइलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. दारू घेतलेली नाही. कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती दबावात धरतात का माहीत नाही.

चाकणच्या कंपनीत सुपरवायझरशी वाजलं आणि रागात गाडीच्या सीटच्या कापडाचा रोल एकट्यानं उचलला. हर्निया झाला. उद्या ऑपरेशन. आत जाळी बसवणार. मी विचारलं, "डॉक्टर, जाळी मागावरची की निटेड?" ते म्हणाले, "तू निवांत राहा." निवांत कसा राहू? मागावरचं कापड कापलं की कडेचे धागे सुटतात. निटेड, म्हणजे स्वेटरसारखी फाशांची वीण असेल, तर स्वेटरचं काय होतं ते मी पाहिलंय.

१. माझा छोटा हातमाग मैत्री ओव्हाळ हिला. त्यावर निळी शाल अर्धी आहे. ताण्याचे उभे धागे सैल सोडू नकोस, आडवा बाणा नीट बसत नाही. दोन वर, दोन खाली, आणि दर ओळीला एक घर सरकायचं, म्हणजे जीन्सच्या कापडासारखी तिरकी रेघ उठते. तुला आवडते म्हणून तीच घेतली.

२. तिचा पिवळा स्वेटर तिला परत. धम्मरत्न हा तिचा भाऊ, माझ्याच शिफ्टचा. त्याच्याकडे पहिल्यांदा चहाला गेलो आणि सवयीनं तिच्या बाहीचा सुटा धागा ओढला. कापड ओळखायची आमची रीतच ती. मागावरच्या कापडातून तेवढाच धागा निघतो. स्वेटर म्हणजे एकाच धाग्याचे फासे, एकात एक अडकवलेले. कोपरापर्यंत उसवला. मैत्री म्हणाली, "झालं समाधान? आता दुसरीपण उसव, जोडी होईल." तेव्हापासून माझं काही खरं नाही. बाही नीट करून ठेवली आहे.

३. आबांना, म्हणजे वडिलांना, गाडीच्या गालिच्याखालचा फेल्टचा तुकडा. त्यात ना ताणा, ना बाणा, ना फासा. कुठले कुठले तंतू पसरून काटेरी सुयांनी टोचत राहतात, ते गुंततात आणि सुटत नाहीत. मैत्रीचं नाव काढल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यांच्यात सोयरीक? मी हाय तोवर न्हाई." आबा, त्या तुकड्यातला कुठला तंतू कुणाच्या घरचा ते सांगा. मी ताट भिरकावलं, त्याची माफी. बाकी कशाची नाही.

४. वाचलो तर वरचं सगळं रद्द, आणि मैत्रीला लग्नाचं विचारायचं. अजून धीर झालेला नाही.

५. धम्मरत्न म्हणतो, "भावा, ज्याला वाटा मिळणार त्यानं साक्षीला सही करायची नसते. केली तर वाटा गेला." म्हणून सह्या तो आणि त्याची बायको रश्मीवहिनी करतील. मैत्रीला हे दाखवू नये.

चिखली, ११ जानेवारी २०२५
(सही) अजिंक्य नेवाळे

साक्षीदार:
१. धम्मरत्न ओव्हाळ
२. मैत्री ओव्हाळ. वहिनी ड्युटीवर आहे. सगळं वाचलं. माझा वाटा गेला तर जाऊ दे, अर्धी शाल घेऊन मी काय करू? येऊन पुरी कर. डॉक्टरांना मी विचारून आले. जाळी निटेडच आहे, पण तिचे फासे शेजारच्या धाग्यांत अडकवलेले असतात, कुठंही कापली तरी उसवत नाही. चौथ्या कलमाला माझं हो आहे. आबांशी बोलायला मी येते, तू ताटापासून लांब बस.