हळदीचा लाल साबण

आरोंदा,
ता. १२ डिसेंबर १९८५

प्रिय रहिमा,

सलाम आणि नमस्कार दोन्ही पाठवते आहे, तुला जो घ्यायचा तो घे. मी खुशाल आहे. तू, तय्यबभाई आणि त्यांच्या घरची सगळी खुशाल असाल. विजयदुर्गला थंडी कितपत आहे? इथे सकाळी खाडीवर धुके असते आणि माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याची कुरकूर काही नवी नाही.

पत्राचे कारण साबण. प्रस्तावना करायची मला सवय नाही, हे तू चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसून पाहिलेच आहेस. तू भावाकडे गेल्यापासून मी पाच वेळा साबण केला. खोबरेल नेहमीचेच, घरच्या नारळांचे. साबण धरतो उत्तम, फेसही छान येतो. रंग आणि वास यांनी मात्र माझा छळ मांडला आहे.

पहिला केला हळदीचा. म्हटले, पिवळाधमक निघेल. निघाला लाल, विटेसारखा. शेजारची हौसाबाई वडीकडे बघून म्हणाली, हळद घातली आणि कुंकू निघाले. शिरोड्याच्या बाजारात ज्याच्याकडून हळद घेतली त्याने भेसळ केली आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. येत्या रविवारी मी त्याला तसे तोंडावर सांगणार आहे.

दुसऱ्याला कोकमाचे आगळ घातले. गुलाबी व्हायचे सोडून डोळ्यांदेखत काळपट पडले, भांडी विसळलेल्या पाण्यासारखे. तुळशीचा हिरवा आठ दिवसांत तपकिरी झाला. तिरफळांचा वास मात्र टिकला, इतका टिकला की हौसाबाई त्याने हात धुऊन म्हणाली, "बांगड्याचा तिखला अंगाक फासल्यासारख्या वाटता." तो साबण आता मी गोठ्याजवळ ठेवला आहे. शेवटचा शेंद्रीचा. बिया तेलात हलक्या तापवून गाळल्या, आणि नारिंगी रंग जसाच्या तसा राहिला. हे तू सांगितले होतेस तेव्हा मी हसले होते, ते मागे घेते.

आता मुख्य बातमी. तालुक्याच्या कचेरीचे पत्र आले. मार्चमध्ये जुन्या शाळेच्या पडवीत बायकांसाठी साबणाचे केंद्र सुरू होणार. दहा जणी शिकतील, शिकवायला मी. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, निवृत्तीनंतर दोन वर्षे भिंतीकडे बघत बसले, आता पुन्हा हातात खडू येणार म्हणून मी किती खूश आहे ते तुला सांगायला नको. तुझे नाव सध्या यादीत नाही. कारण तुला ठाऊक आहेच.

कचेरीतल्या साहेबांचे म्हणणे, हळदीचा नि कडुलिंबाचा साबण कुठेही मिळतो, इथले म्हणून काय आहे ते दाखवा. मी लगेच सांगितले, सुरंगी. सांगून बसले खरी, पण माळ्यावरच्या सुक्या कळ्या तेलात उकळल्या तर वास आला जळक्या गवताचा. तुझे अब्बा जत्रेत सुरंगीचे तेल विकायचे आणि ते वर्षभर दरवळायचे. त्यांची पद्धत दोन ओळींत लिहून पाठव. एवढे काम होईलसे वाटते.

हात आता बरा असेलच.

तुझी,
विमला नाबर
(निवृत्त शिक्षिका)


आरोंदा,
ता. ३ जानेवारी १९८६

प्रिय रहिमा,

नमस्कार. तुझे कार्ड मिळाले. पंधरा पैशांच्या कार्डावर तीन ओळी लिहून बाकीचे कोरे ठेवलेस. खुशालीसुद्धा नाही. "हळद लाल होतली. कोकम काळा पडतला. ह्या तुका ठावक आसा, दुसरा काय सांगूचा आसात तर सांग." बस.

मला राग आला. दोन दिवस ते कार्ड मी फडताळात उलटे घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी डाळीला फोडणी घालताना आठवले. दरवर्षी सहावीच्या पोरांना मी हळदीचा कागद करून दाखवायची. चुन्याचे पाणी लावले की कागद लाल, आणि पोरे तोंडे वासून बघायची. साबणातला कॉस्टिक सोडाही तेच करणार. स्वतः शिकवलेला धडा मला ओळखता आला नाही. आणि दुकानदाराला तर मी दहा गिऱ्हाइकांसमोर भेसळखोर म्हणून आले होते. परत जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जावंदे बाई, होता असा," आणि वर पाव किलो हळद फुकट बांधून दिली. एखादा शब्द उलट बोलला असता तर सोपे गेले असते.

तू 'दुसरा काय' म्हणतेस ते माझ्या लक्षात येत नाही असे नाही. त्या दिवशी घाई दोघींनाही होती. ग्रामसेविका केंद्रासाठी दुपारी आपला साबण बघायला येणार होती आणि सोडा दमट हवेने बरणीच्या तळाशी धरून दगड झाला होता. अपघात सांगून होत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, तेव्हा कोणीतरी काहीतरी सांगायला हवेच होते. तू गप्प होतीस. मी बोलले. झाले गेले गंगेला मिळाले असे समजू.

सोबत शेंद्रीच्या साबणाच्या चार वड्या पाठवते आहे. महिन्याच्या वर झाला आहे, तिखटपणा गेला आहे, बिनधास्त वापर. २९ तारखेला महिला मंडळाचे हळदीकुंकू आहे. या वर्षी वाण म्हणून मी साबण लुटणार आहे. तू आलीस तर बरे वाटेल.

तुझी,
विमला


आरोंदा,
ता. ४ फेब्रुवारी १९८६

प्रिय रहिमा,

सलाम. खुशाली नंतर.

चार वड्या परत आल्या. बाहेरचा कागद तुझ्या हातचा, आतला माझाच. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी ते पुडके दोन दिवस समोर ठेवून बसले. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी वाद घातला असता, वादात मी कोणाला हार जात नाही. न सोडलेल्या गाठीशी कसा वाद घालायचा?

तेव्हा आता सरळ लिहिते. तुला सगळे ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मी ते एकदाही लिहिलेले नाही.

सोळा नोव्हेंबरला, शनिवारी, तू बरणी धरून ओट्याशी उभी होतीस. तू म्हणालीस, "थांब गो विमल, ढेकूळ आदी फोडूया." मी म्हटले, एवढा वेळ नाही. न्हाणीघरातल्या चुलीवरच्या भाणातून तांब्याभर कढत पाणी आणले आणि बरणीत ओतले. सोड्यावर पाणी, तेही कढत. पाण्यात सोडा घालावा, सोड्यात पाणी कधी नाही, हे वाक्य एकतीस वर्षे फळ्यावर लिहिलेली बाई मी. बरणीतले सगळे उसळून वर आले. तुझा डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि मानेवर शिंतोडे उडाले. माझ्या अंगावर थेंबही आला नाही. हौसाबाई धावत आली आणि तुझ्या हातावर विहिरीचे पाणी कळशीमागून कळशी ओतत राहिली, मी नुसती उभी होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हे कसं झालं?" तू दात आवळून बसली होतीस. मी म्हणाले, "रहिमाने बरणीत पाणी ओतलं, तिला माहीत नव्हतं."

का म्हणाले ते मी अडीच महिने शोधते आहे. घाबरले होते, हे खरे. पण घाबरून माणूस काहीही बोलेल, मी नेमके हेच बोलले. लोक विश्वास ठेवतील असे बोलले. बाई चुकणार नाही, चौथीत शाळा सुटलेली रहिमा चुकेल. आणि संध्याकाळी ग्रामसेविकेने लिहून मागितले तेव्हा मी अजिबात घाबरलेली नव्हते. सुवाच्य अक्षरात लिहून दिले, खाली सही केली. त्या कागदावरून तुझे नाव केंद्राच्या यादीतून गेले. तू एक शब्द न बोलता तय्यबभाईंकडे गेलीस, आणि मी गावात सांगत फिरले की हवापालटासाठी गेली.

हळदीकुंकवाला चाळीसेक बायका आल्या होत्या. वाण म्हणून हळदीच्याच वड्या ठेवल्या होत्या, त्या लाल. सगळ्यांना आवडल्या. सरपंचीणबाईंनी विचारले, बाई, पिवळ्याचा लाल कसा केलात? मी समजावून सांगायला उभी राहिले. हळद, सोडा, एवढे झाले आणि सोड्यावर जीभ अडली. मग जे वर लिहिले आहे ते सगळे सांगितले, तुझ्या नावासकट, डॉक्टरांना काय म्हणाले त्यासकट. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा काढला. ती एक सवय उपयोगी पडली.

मग हौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "तांबयो तुमच्या हातात होतो, बाई. मीया तेवाच बघलेलंय."

मी विचारले, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "मास्तरणीक खोटा कोण म्हणतला?"

रहिमा, तुझा हात भाजला त्या दिवशी मला रडू आले नव्हते. हे ऐकून आले. चाळीस बायकांसमोर, हातात हळदीकुंकवाचे तबक घेऊन. तू का गप्प राहिलीस ते मला तेव्हा कळले. मी समजत होते की तू मला सांभाळून घेतेस. तुला ठाऊक होते की तुझे कोणी ऐकणार नाही, आणि ते मलाही ठाऊक होते. म्हणूनच मी बोलले. याची मला लाज वाटते, आणि ती या पत्राने जाईल असे मी धरून चाललेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने तालुक्याला गेले. पहिला कागद खोटा होता असे लिहून दिले, पुन्हा सुवाच्य अक्षरात. साहेबांनी दोनदा वाचले. म्हणाले, "बाई, मग शिकवायला तुमचं नाव ठेवता येणार नाही." मी म्हटले, ठेवूच नका. तिथे रहिमा मुजावर लिहा. शेंद्रीचा रंग टिकतो हे तिने सांगितले, ढेकूळ फोडून घे हे तिने सांगितले, दोन्ही वेळा तिचे खरे निघाले. त्यांनी लिहिले. मी समोर उभी राहून लिहून घेतले, काना-मात्रा बघून. परत येताना वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते आणखी एक खोटे होईल. त्या खडूची मी फार वाट पाहिली होती.

तेव्हा आता असे आहे. केंद्र १० मार्चला सुरू व्हायचे आहे. शिकवणारी म्हणून एकटे तुझे नाव आहे. २० फेब्रुवारीच्या आत तुझा होकार कचेरीत पोहोचला नाही तर केंद्र दुसऱ्या गावाला जाईल. दहा जणींनी नावे दिली आहेत, त्यांत हौसाबाईची सूनही आहे. यायचे असेल तर त्यांच्यासाठी ये, तुझ्या स्वतःच्या हुन्नरासाठी ये. माझ्यासाठी येऊ नकोस. पडवीची किल्ली हौसाबाईकडे ठेवली आहे, माझ्या दारावरून जायचीही गरज पडणार नाही. पाठीमागच्या सुरंगीला कळ्या धरल्या आहेत. त्या कशा मुरवायच्या ते मी विचारत नाही, आणि पहिल्या पत्रात विचारले होते ते विसर. ती विद्या तुझ्या अब्बांची, तुला जिला द्यावीशी वाटेल तिला दे.

एक मात्र साहेबांना विचारून घेतले. शिकवायला मला मनाई आहे, शिकायला बसायला आहे का? ते हसले, म्हणाले, तशी अट कुठे नाही. म्हणून यादीत अकरावे नाव माझे घातले आहे. तुला नको असेल तर खोड, तो अधिकार आता तुझा आहे. नाही खोडलेस तर मी सगळ्यांच्या मागे बसेन, आणि तू थांब म्हणालीस की थांबेन.

तुझ्या हाताची चौकशी पहिल्या पत्रात मी एका ओळीत उरकली होती. आता विचारते. मूठ वळते का? कळशी उचलता येते का? मानेवरचा डाग गेला का? दोन ओळींचे कार्ड टाकलेस तरी चालेल. नाही टाकलेस तरी पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारीन.

तांब्या जिच्या हातात होता ती,
विमल