तिसऱ्या खांबाचं गाणं

काल्हेर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
क्षितिजाचा सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे आहेत, म्हणजे वेळेवर उठतात नि जेवतात. आईचे गुडघे पुन्हा सुजलेत. बाबांनी ओटीवर बसणं सोडलंय. तुझं गोडाऊन पडल्याला सहा महिने झाले, तरी रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आपल्याच घराकडे बघतो असं त्यांना वाटतं.

एक गोष्ट भेटीच्या वेळी जाळीतून ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मी एक गाणं केलंय. तुझ्या पॅकिंगच्या पोरींची मुकादम, जिचं प्रेत ढिगाऱ्यातून सगळ्यात शेवटी निघालं ती सखी, तिचं. चाल आपल्या धवल्याची, रंगूबाई लग्नात हळदीला म्हणते त्या गाण्याची, पण अगदी संथ केली. सोबत गिटार, माऊथ ऑर्गन आणि शिट्टी. माझ्या गिटारला तू लूमचा घसरलेला पट्टा म्हणायचास. तो पट्टा आता अडीच लाख लोकांनी ऐकलाय.

लोक काय काय लिहितात! एकाला इंग्रजी पिक्चरमधला धुळीतून एकटाच जाणारा घोडेस्वार दिसला. एकाने लिहिलं, घाटात गाडी चालवताना ऐकायला मस्त आहे. कोणी म्हणालं, अंगावर काटा आला, आणि पुढे नाचणारी दोन चित्रं टाकली. नाशिकच्या एका बाईंनी मात्र विचारलं, की ही सखी खरी होती का. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

गावात वेगळंच. शेजारच्या प्रितेशने गावच्या ग्रुपवर टाकलं, की स्वतःच्या भावाच्या बदनामीवर ही नाव कमावते. रंगूबाई घरी येऊन आईला म्हणाली, की हळदीचं गाणं पोरीने मयतावर म्हटलं, आता मी ते कुठल्या तोंडाने म्हणू. बाबांनी पूर्ण ऐकलं. ऐकून उठले, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

शब्द इथे लिहीत नाही. तुमची पत्रं आधी तिथले साहेब वाचतात.

रागावलास तरी मला परकी करू नकोस.
तुझी,
क्षितिजा


कारागृह, कल्याण
२६ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईला गुडघ्याचं तेल आणून दे, टाळाटाळ करू नकोस. मी ठीक आहे. वजन उतरलंय. तू जाड्या म्हणून चिडवायचीस, ते आता जमणार नाही.

तू शब्द लिहिले नाहीस, पण ते माझ्यापर्यंत आले. आमच्या बराकीत निजामपुऱ्याचा एक जण नवा आलाय, लूमवर कामाला होता. सकाळी नळावर तो शिट्टीवर एकच चाल वाजवत होता. धवला मी ओळखला. कुठलं गाणं म्हणून विचारलं, तर म्हणाला, बहुत उदास गाना है भाई, मराठी पूरा समझता नहीं, पर सुनके अपनी शिफ्ट याद आती है. मग त्याने मोडकंतोडकं म्हणून दाखवलं:

तिसऱ्या खांबाला तडा गेला गो,
सांगाया आलू मी दारी.
धनी बोलला, चुना हाय पोरी,
भरून घे आदी गारी.

म्हणून झाल्यावर त्यानेच विचारलं, की असा मालिक खरंच असेल का. मी कोण ते त्याला माहीत नाही. असेल, म्हणालो, आणि बादली उचलून आत आलो.

क्षितिजा, ही ओळ तुला कोणी दिली? २८ मार्चला जामिनाची तारीख आहे. वकील सांगणार आहेत, की खांबाला तडा होता याची मला कसलीच कल्पना नव्हती. सगळं त्यावरच उभं आहे. समोरच्या वकिलाने गाणं ऐकलं तर? गाणं काढून टाक. मोठा भाऊ म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगतो. बाबा थकलेत. मी बाहेर नसलो तर त्या घराला कोण आहे?

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
कुणाल


काल्हेर,
११ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ओळ मला कोणी दिली नाही. गोडाऊन पडलं त्या सकाळी मी आतल्या खोलीत होते. सखी पायरीवर उभी राहून तुला सांगत होती. तडा नुसत्या चुन्याला गेलाय, आधी गाडी भरून घे, असं तू म्हणालास ते मी ऐकलं. ऐकलं आणि गिटारची तार पिळत बसले. पोलीस घरी आले तेव्हा मला काही माहीत नाही म्हणून सही केली.

तुझं पत्र वाचून गाणं काढणारच होते. पण त्याआधी ज्यांचं आहे त्यांना एकदा ऐकवावं असं मनात आलं. रविवारी वडप्याच्या वरच्या पाड्यावर गेले, सखीच्या आईकडे. राहीबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. कोण ते सांगितल्यावर तिने हाकललं नाही. पाणी दिलं. मी मोबाईल दगडावर ठेवला आणि गाणं लावलं.

शिट्टीपाशी ती म्हणाली, की हे आमचं रडणं न्हाय, आमच्यात असं न्हाय रडत. पुढे फुलं पसरत ऐकत राहिली. खांबाची ओळ आली तसा तिचा हात फुलांवरच थांबला. गाणं संपवू दिलं आणि मग विचारलं, सखी तुमच्या दारी आलती? मी हो म्हणाले. तू तवा घरात व्हतीस? मी हो म्हणाले.

तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, की पोरींना काहीच कळलं नाही, झटक्यात गेलं सगळं. त्यावर ती सात महिने काढत होती. मी ते काढून घेतलं.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा, गाणं काढून टाकते. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"गान्यात सांगतेस बाय, तं सायबाला का न्हाय सांगत?"

दादा, अडीच लाख लोकांनी ऐकलं आणि हे एकानेही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. लोक सुंदर म्हणत होते, मला वाटत होतं मी काहीतरी केलं.

तारखेच्या आधी, गुरुवारी २७ला, मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की मग या घरात राहू नकोस. आईने माझे कपडे भरले आणि कपड्यांत सुकटीची पिशवी घातली. मी ठाण्याला मैत्रिणीकडे, उन्नतीकडे आहे. पत्ता मागे लिहिलाय.

तुझ्याशिवाय मला भाऊ नाही, हे विसरू नकोस.
क्षितिजा


कारागृह, कल्याण
२२ मार्च २०२५

चि. क्षितिजास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या. ते लपवत नाही. तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या आणि सांगायचं तेवढं उरलं. हे पत्र बाहेर पडण्याआधी इथे वाचलं जाईल. वाचू दे.

तुझ्या गाण्यात सखी एकदा येते. ती दोनदा आली होती. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ती गोडाऊनच्या गेटवर माझ्या कारपाशी आली. वरच्या मजल्यावर ड्रम चढवत होते. ती म्हणाली, शेट, खांब आतून कुरकुरतो, पोरींना भायेर काढू का? मी फोनवर होतो. गाडी भरून झाल्यावर काढ, एवढं बोटाने खुणावलं. ती आत गेली. एकटी बाहेर थांबू शकली असती. मी गेटच्या बाहेर पडून नाक्यावर पोचलो तोच गोडाऊन पडल्याचा आवाज आला.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. वकील काल आले होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, की डोकं फिरलंय का तुमचं, दहा वर्षं आत जाल. मी म्हटलं, जामिनाचा अर्ज मागे घ्या. शुक्रवारी कोर्टापुढे दोन्ही वेळचं मी सांगणार. तू तुझं गुरुवारी सांग. माझ्यासाठी थांबू नकोस, तुझं तुलाच सांगावं लागेल.

बाबांना मी वेगळं लिहिलंय. ते वाचतील असं वाटत नाही.

एक काम कर. राहीबाईला हे कोर्टातून किंवा पेपरातून कळू नये. गाणं घेऊन जाऊ नकोस. नुसती जा, आणि सखी दुसऱ्यांदा आली होती, तेव्हा ती पोरींसाठी आली होती, असं सांग.

भेटीला येऊ शकलीस तर ये. नाही आलीस तरी आशीर्वाद आहेतच.
तुझा दादा,
कुणाल