वसुलीसाहेबांची धाप

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकताना पाठ सरळ ठेवली आहे, तुम्हीही ठेवत जा). इकडे मी खुशाल आहे. वजन जागच्या जागी, नाडी संथ, भूक भरपूर. तुमची पाठ काय म्हणते? दिवसभर शिलाई मशीनवर ओणवं बसणाऱ्या माणसानं मधूनमधून उठून फेरी मारावी, असं मी कळवलं होतं. त्याप्रमाणे तुम्ही फेरी मारता, पण ती बेकरीपर्यंतच असते आणि येताना हातात बिस्किटांचा पुडा असतो, अशी मामींची तक्रार आहे. मामींना नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्या कर्जाचा प्रश्न सुटला. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी कर्ज काढायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, उड्या मारायला माकडं फुकट शिकतात. तुम्ही मात्र गळ्यातली टेपसुद्धा न काढता बँकेत आलात आणि स्वतःचं दुकान तारण ठेवून जामीनदार म्हणून सही ठोकलीत. पुढे माझे हप्ते थकले, बँकेचा माणूस तुमच्या दारात आला, तरी तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मामींकडून कळलं तेव्हा मला रडू आलं. माझ्यापायी तुमच्या दुकानाला कुलूप लागलं असतं तर मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं. पण हप्ते का थकले तेही ऐका, म्हणजे दोष माझ्या गुणांचाच आहे हे तुमच्या लक्षात येईल.

पहिली नोकरी शाळेत, तीही तासावर. जितके तास घ्यायचे तितका पगार. पण खेळाचा तास म्हणजे शाळेतली पडीक जमीन. ज्याचा अभ्यासक्रम मागे पडेल त्यानं यावं आणि नांगर घालावा. आमच्या गणिताच्या बाईंचा अभ्यासक्रम त्यांच्या उभ्या नोकरीत कधी वेळेवर संपलेला नाही (बाई स्वभावानं गोड, काढून घेतलेल्या प्रत्येक तासाबद्दल मला खोबरेल तेल लावल्यासारखं हसून दाखवायच्या). मी शिट्टी अडकवून मैदानात उभी आणि मुलं वर वर्गात अपूर्णांक सोडवतायत. महिनाअखेर मी माझा पगार सोडवायला बसायचे.

मग व्यायामशाळेत लागले. मालकांचा माझ्यावर विश्वास फार. त्यांनी सांगितलं, सभासद टिकले पाहिजेत. मामा, मी सरळ मनाची बाई, मी ते खरं मानलं. वर्षाचे पैसे भरून आठवड्यात नाहीशी झालेली मंडळी होती, त्यांच्या घरी सकाळी जाऊन मी बेल वाजवली. एकाला पांघरुणातून काढलं, एकीच्या सासूबाईंनाही सोबत आणलं. होता होता सगळेच्या सगळे सभासद रोज येऊ लागले! आणि तिथेच घोटाळा झाला. तो धंदा येणाऱ्यांवर चालत नाही, पैसे भरून न येणाऱ्यांवर चालतो, हे आम्हाला पदवीला कुणी शिकवलंच नव्हतं. यंत्रांपुढे रांगा लागल्या, डंबेलांवरून भांडणं झाली, लोक पैसे परत मागू लागले. मालकांनी मला हात जोडून घरी पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अशा रीतीनं आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी माझ्या खात्याची अवस्था झाली आणि बँकेचे वसुलीसाहेब माझ्या खोलीवर आले. माझी खोली गच्चीवर, इमारतीला लिफ्ट नाही. दार उघडलं तर साहेब कठड्याला धरून उभे, चेहरा लालबुंद, धमकी द्यायला तोंड उघडतात आणि नुसती हवा बाहेर येते. आता कुणी दुसरं असतं तर दार लावून घेतलं असतं. मला ते बघवेना. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "जिना चढताना श्वास रोखून धरता ना?" साहेबांनी मान हलवली. मी त्यांना लगेच खाली नेलं आणि पुन्हा चढवलं. ते दर आठवड्याला वसुलीला येत राहिले आणि दर आठवड्याला मी त्यांना चढवत-उतरवत राहिले. शेवटी एकदा त्यांनी आख्खी नोटीस माझ्या दारात एका दमात वाचून दाखवली. मामा, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा पहिला विद्यार्थी!

त्यांनी बँकेत गवगवा केला. मॅनेजरांनी बोलावून घेतलं. आता रोज बँक उघडण्याआधी मी काउंटरांच्या मधल्या जागेत कर्मचाऱ्यांचा वर्ग घेते. कॅशियरची मान मोकळी झाली आहे, शिपाई पायाच्या अंगठ्यांना हात लावतो. माझी फी परस्पर कर्जखात्यात जमा होते, म्हणजे बँक या खिशातून काढते आणि त्या खिशात घालते, मला फक्त घाम येतो. पण थकलेले हप्ते फिटले. तुमचं दुकान शाबूत आहे. आता अनोळखी नंबरवरून फोन आला तरी खुशाल उचला.

मामींनी काळजी करू नये. धाकट्यांना रोज पळायला लावा.

तुमची कर्तबगार भाची

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. सध्या मला फी निम्मी मिळते, तीत जुने हप्ते फिटले, पुढचे निघायचे नाहीत. बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फीसाठी पदव्युत्तर पदवी लागते. मॅनेजर म्हणाले, घेऊन टाका की, कर्ज आम्हीच देऊ. जामीनदार जुनाच चालेल.

ता. क. दुसरा : कागद घेऊन वसुलीसाहेब रविवारी सकाळी स्वतः येत आहेत. मागच्या खेपेला तुम्ही दुकानाच्या मागच्या दारानं पळालात आणि ते पहिल्याच वळणावर बसले, असं मामी सांगत होत्या. या वेळी तसं करू नका. हल्ली ते टेकडीवर पळायला जातात, आणि पळताना बोलतही असतात.