बेहड्याखालचं सांगणं

केळशी,
९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय योगिनी मॅडम,
सादर नमस्कार.

वर्गातल्या निशिगंधाकडे दिलेली तुमची चिठ्ठी मिळाली. माझा फोन फुटलाय, म्हणून कागदावर लिहितेय. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. बाकी बरी आहे. वाडीत भातकापणीची तयारी चाललीय.

निशिगंधा म्हणाली, तुम्ही विज्ञानसंवादाचा तास बंद करणार आहात. प्राणिशास्त्राच्या मुलांना आपापल्या गावात बोलायला लावलंत, म्हणून हे घडलं असं तुम्हाला वाटतंय.

मॅडम, तसं नाही.

आई ऑगस्टमध्ये तापाने गेली, ते तुम्हाला माहीत आहे. नंतर फोनवर कुणीतरी पसरवलं, की ताप वटवाघळांमुळे येतो. त्या दिवशी सगळी वाडी, वटवाघळं लटकतात त्या आमच्या बेहड्याच्या झाडाखाली जमली. पेंढा पेटवला. धुराने वटवाघळं खाली पडत होती आणि माणसं ती दांड्यांनी ठेचत होती. पंख फाटलेलं एक रांगत माझ्याजवळ आलं. शेजारच्या भागोजीकाकांनी ते तिथेच चिरडलं. रक्त माझ्या पायांवर उडालं.

मी मध्ये उभी राहिले. तुम्ही शिकवल्याप्रमाणे पुस्तकी शब्द टाळले. "काका, हा ताप ह्यांचा न्हाय. उंदराच्या मुताचं पाणी शेतात आसतं, ता पायाच्या जखमेतून आंगात जातं."

काही हात थांबले. कुणीतरी विचारलं, "मग तुजी आयस कशान गेली?"

"ह्याच उंदराच्या तापान, लेप्टोन. डॉक्टरान सांगितलान, लवकर आणली आसती तर जगली आसती. बाबा अंगारा लावीत घरात घेऊन बसले."

पोलिसांना आणि तुम्हाला मी कळवलं होतं, की तोडलेली फांदी लागली. फांदी नव्हती. बाबांच्या हातात आंबे काढायची लांब बांबूची आकडी होती. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि बांबू तोंडावर हाणला. पडल्यावर पुन्हा हाणला. माझे दात मातीत पडलेले मला दिसत होते. सोडवलं भागोजीकाकांनीच.

तेव्हापासून कालपर्यंत बाबा रोज पेज गाळून मला नळीने देत होते.

काल हवालदार पुन्हा आले. मी लिहून दिलं, "वडिलांनी मारलं." घाईत लिहिलं, त्यांना अक्षर लागेना. बाबा पुढे आले. कागद घेतला, मोठ्याने वाचला. मग चपला घातल्या आणि जीपकडे चालायला लागले.

मी सांगितलं ते खरं होतं. पण सगळ्या वाडीसमोर आईचं नाव घेऊन सांगायचं होतं का, ते मला अजून कळत नाही. ते मला शिकायचंय. तास बंद करू नका.

आज बाबांना कोर्टात नेणार आहेत. मी जातेय.

तुमची,
संस्कृती