ज्यांना नोकरी लागली नाही

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मी भरभर बोलते, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र. विद्यापीठाच्या ज्या करिअर मार्गदर्शन कक्षात तू एकतीस वर्षं बसलीस, तिथे मला आता तीन वर्षं होतील. खिडकीतून अजून सायकल स्टँडच दिसतो. माझी नेमणूकही अजून वर्षावर्षाचीच आहे. दिवसभर मुलांना मुलाखतीत आत्मविश्वासाने बोला म्हणून सांगते आणि मुदत संपत आली की स्वतः साहेबांच्या दाराबाहेर तळहात पुसत उभी राहते.

कायम व्हायचं असेल तर विद्यापीठाबाहेरही चार लोकांनी ओळखलं पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून आपल्या कामातल्या लोकांची जी संघटना आहे तिची सभासद झाले. नव्या ठिकाणी निदान तीन अनोळखी माणसांशी बोलायचं, असं मी मुलांना शिकवते. पहिल्या बैठकीत मी दोन तास चहाच्या टेबलाशी काढले आणि बोलले ते फक्त चहा देणाऱ्याशी. मग एक युक्ती केली. नोंदणीच्या टेबलावरचं काम मागून घेतलं. तिथे लोक आपणहून येतात, आपण फक्त बिल्ले द्यायचे. दोन वर्षांत निम्म्या संघटनेचे चेहरे पाठ झाले.

त्याचं फळ असं की ऑगस्टच्या अधिवेशनात मला वीस मिनिटं बोलायला सांगितलंय. कशावर बोलू ते सुचत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर लिही.

तुझी
मुंगी


१३ जून

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बिल्ले वाटून पुढे आलेली माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. चिडवत नाही, कौतुकच वाटलं. मी त्या संघटनेच्या एकाही बैठकीला गेले नाही. चहा पिऊन परत येतात, दुसरं काय, असं म्हणायची. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात नव्या साहेबांनी माझं कपाट रिकामं केलं. त्यात काय होतं आणि ते कशासाठी होतं, हे सांगू शकणारं बाहेर कुणी नव्हतंच. तुझं तसं होऊ देऊ नकोस.

विषय मी देते. सगळीकडे नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो भिंतीवर लावतात. आम्ही न लागलेल्यांची यादी ठेवायचो. वर्षभराने त्यातल्या प्रत्येकाला पत्र जायचं. का लागली नाही वगैरे चौकशी त्यात नसायची. तुमचं नाव आमच्याकडे अजून आहे, मंगळवारी दुपारी खोली उघडी असते, या, एवढंच. शंभरातले चाळीस तरी यायचे. काही दाराशी घुटमळून परत जायचे, तेही आम्ही आलेच असं धरायचो. दोन पत्रांच्या प्रती घरात सापडल्या, सोबत पाठवते.

बोलताना घाई करू नकोस. पाणी जवळ ठेव. माझ्या आशीर्वादाचा उपयोग होतो की नाही माहीत नाही, पण तो आहेच.

तुझी
आत्या


२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

भाषण चांगलं झालं. चांगलं म्हणजे फारच. संपल्यावर तीन रांगांमधून हात वर झाले. एका वयस्क गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की आपल्या भिंतीवर अठ्ठावीस वर्षांचे फोटो आहेत, आणि आज पहिल्यांदा त्यांची लाज वाटली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला चार दिवस घेतले. संघटनेच्या अध्यक्षबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी विचारलं, ही पद्धत तुमच्याकडे आधी कुणी वापरत होतं का? मी म्हणाले, "नाही, कामातूनच सुचत गेलं."

का म्हणाले? तुझंमाझं आडनाव एक, खोलीही तीच. तुझं नाव घेतलं असतं तर आत्याच्या वशिल्याने लागली असं लोक म्हणाले असते, ही भीती मला पहिल्या दिवसापासून आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते मला आवडलं.

आता या विषयाची समिती नेमली आहे आणि सगळ्या विद्यापीठांसाठी पुस्तिका लिहायचं काम माझ्यावर आलंय. पुस्तिकेवर माझं नाव आलं की साहेब कायम करण्याची शिफारस लिहिणार आहेत. तू म्हणशील तर अध्यक्षबाईंना खरं काय ते सांगते. तू म्हणण्याची वाट का बघायची, हेही कळतं मला.

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझी
मुंगी


२४ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. राग आला होता. त्या खोलीतली एवढी एकच गोष्ट मी तुला दिली होती.

मग रद्दीवाला आला. पत्र बाहेर काढलं, पुन्हा वाचलं आणि तुझ्या त्या वाक्याशी अडले. मुंगे, ते वाक्य माझं आहे. बावीस वर्षांपूर्वी कुलगुरूंनी मला विचारलं होतं की ही पत्रांची कल्पना कुणाची. मीही म्हणाले होते, कामातून सुचत गेली. ती मला सुचली नव्हती. ती आमच्या टाइपिस्टबाईंची. यादी त्यांनी केली, पहिलं पत्रही त्यांनीच आपल्या मनाने टाइप केलं. मी फक्त सही केली. कुलगुरूंशी बोलत होते तेव्हा बाई सह्यांचे कागद घेऊन दाराशी उभ्या होत्या. मी पाहिलं, आणि पुढे बोलत राहिले. त्यानंतर अकरा वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलावर होत्या. आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला. हा विषय कधी निघाला नाही.

माझं नाव तू घेतलं नाहीस ते मी सोडून देऊ शकते. त्यांचं सोडून द्यायचा अधिकार मला नाही. शिफारशीचं काय होईल ते मला सांगता येत नाही, खोटा धीर देणार नाही. सोबत त्यांचा पत्ता आहे. मीही त्यांना लिहितेय, तीन कागद फाडून झाले.

लोभ कमी झालेला नाही. थोडा दुखावलाय, एवढंच.

तुझी
आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

ताई म्हणते. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, पण पहिल्याच पत्रात अगंतुगं बरं दिसत नाही.

तुमचं पत्र पोचलं. अध्यक्षबाईंना तुम्ही सगळं सांगून टाकलंत, आणि साहेबांनी शिफारशीचा कागद बाजूला ठेवला, हे वाचून वाईट वाटलं. पुस्तिकेचं काम मात्र अध्यक्षबाईंनी तुमच्याकडेच ठेवलं, म्हणजे त्यांना माणसांची पारख असावी.

तुमच्या आत्याबाईंचंही पत्र आलं. चार ठिकाणी खाडाखोड होती. त्यांच्या कागदावर खाडाखोड मी कधी पाहिली नव्हती. ती निस्तरायला मी होते ना. त्यांना सांगा, मी दाराशी होते हे त्यांनी पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. पाहिलं नसेल असं धरून चालले होते, म्हणून शेजारी बसणं सोपं गेलं. आता थोडं अवघड झालंय. मी वेळ घेईन.

पुस्तिकेसाठी एक दुरुस्ती. पत्र वर्षाने पाठवू नका. वर्षाने पाठवायचं हे नंतर कार्यालयाच्या सोयीसाठी ठरलं. पहिलं पत्र मी आठ महिन्यांनी पाठवलं होतं, ते माझ्या धाकट्या भावाला. तोही तुमच्याच विद्यापीठाचा. घराबाहेर पडणं त्याने बंद केलं होतं. माझं सांगणं ऐकेना, म्हणून कार्यालयाच्या कागदावर टाइप केलं. बहिणीकडून नाही, विद्यापीठाकडून पत्र आलं म्हणून त्याने उघडलं, आणि मंगळवारी दाढी करून आला. आठ महिन्यांनी माणूस अजून दार उघडतो. वर्ष उलटलं की बाहेरून हाक आली तरी घरात नाही असं सांगायला लावतो.

पुढच्या अधिवेशनाला तुम्ही बोलावलंत, मी येईन. पुस्तिकेत माझं नावही घाला, नको म्हणणार नाही. फक्त आडनाव माहेरचं घाला. ते पत्र लिहिलं तेव्हा माझं आणि भावाचं तेच होतं.

तुमच्यावर लोभ जडायला हरकत दिसत नाही. बाकी भेटीत.

आपली
कक्षातली जुनी टाइपिस्ट