पहिली कमेंट

४ मार्च, मंगळवार

मेले! संपलं सगळं!

सकाळी चष्म्याच्या दुकानात पोचले, काउंटर पुसला आणि ॲपवर गोष्टीचा एकशे बारावा भाग टाकला. लगेच खाली पहिली कमेंट टाकली — "पोरी, डोळे भरून आले गं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण तुझ्यासारखं लिहिणारी एकही मिळाली नाही." रोजचंच काम. फक्त ती कमेंट 'जुन्या बाई' नावाच्या अकाउंटवरून टाकायची असते. आज टाकली माझ्याच अकाउंटवरून! वर माझा फोटो, माझं नाव, आणि मीच मला 'पोरी' म्हणतेय!

अकरा मिनिटं ती तशीच होती. एक गिऱ्हाईक काळी फ्रेम की तपकिरी यात अडकलं होतं, मी त्याला आरसा धरून उभी. पुसली तोवर चौघांनी हसरे चेहरे टाकले होते.



५ मार्च

कोणीतरी त्या अकरा मिनिटांत फोटो काढून ठेवला. तो आता सगळीकडे फिरतोय.

६ मार्च, गुरुवार

इथे तरी खरं लिहिते.

जुन्या बाई मी तीन वर्षांपूर्वी तयार केल्या. तेव्हा माझ्या गोष्टीला वाचक होते नऊ, त्यातला एक नवरा. भाग टाकला की खालची जागा रिकामी दिसायची. म्हटलं, एक कमेंट असली की दुसरी येते. फोटोच्या जागी शाईची दौत लावली. निवृत्त शिक्षिका, प्रेमळ, जरा भाबड्या.

आता वाचक एक लाख चाळीस हजार. बाईंची गरज उरली नव्हती. पण त्या बोलल्याशिवाय मला भाग पुरा झालासा वाटेना. हजार लोक 'अप्रतिम' म्हणाले तरी मी पहिली बाईंची कमेंट वाचते. मीच लिहिलेली! आणि बरं वाटतं! याला काय म्हणावं?

वर लोकांना त्या माझ्यापेक्षा जास्त आवडायला लागल्या. मुली त्यांना घरची दुखणी कळवतात. कोणी लग्नाचं विचारतं. मी दुकानातल्या काचा पुसता पुसता सल्ले देते.

७ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, सुरी तशीच हातात.

"म्हणजे त्या बाई नाहीतच?"

"नाहीत."

"अगं, मी त्यांना नमस्कार पाठवला होता! त्यांनी उत्तर दिलं होतं — सुखी राहा बाळा!"

"ते मीच दिलं."

तो खाली बसला. मला वाटलं आता चिडेल. तर म्हणाला, "तू मला बाळा म्हणालीस?" आणि हसत सुटला. मी मात्र रडायला लागले. मग त्याने गॅस बंद केला आणि समजुतीने म्हणाला, "कबूल करून टाक. झाकली मूठ आता उघडलीच आहे."

८ मार्च, शनिवार

कबूल केलं. चार ओळी. जुन्या बाई मीच, चुकलं, माफ करा.

शिव्या येतील म्हणून मन घट्ट करून बसले होते. आल्याही. पण निम्म्या लोकांना माझ्याशी देणंघेणंच नाही! "आमच्या बाई परत द्या." "बाईंनी मला परीक्षेच्या वेळी धीर दिला होता, तुम्ही कोण?" अगं, मीच! पण ते कोणाला पटेना. आणि एकाने लिहिलं — "आता काय, उद्या स्वतःच्या आईलाही कामाला लावाल."

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

१० मार्च, सोमवार

आई दुकानात आली होती. धाकट्या भावाकडे राहते, एरवी इकडे फिरकत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं धड दिसत नाही. नंबर तपासून घेतला. खालची ओळ वाचताना चुकली तर स्वतःवरच रागावली, मुलांवर रागवायची तशी.

"जवळचा नीट करून दे. फोनवरचं बारीक अक्षर दिसलं पाहिजे."

सगळ्यात स्वस्त फ्रेम उचलली. मग काउंटरवरची काच बोटाने पुसत म्हणाली, "सूनबाई वाचून दाखवत होती. तुझ्या त्या बाई म्हणे बत्तीस वर्षं शिकवत होत्या."

"हो."

"मीही बत्तीसच."

मी बिलाच्या पुस्तकात डोकं घातलं.

"मी असं बोलते?"

"नाही आई. तू असं कधीच बोलत नाहीस."

मला तसं म्हणायचं नव्हतं. खरं म्हणजे तसंच म्हणायचं होतं, पण एवढं सरळ नाही. लहानपणी माझे निबंध तीच तपासायची. दहापैकी सात. खाली लाल शाईत 'ठीक'. आठ मला कधी मिळाले नाहीत. तिने पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि गेली.

१३ मार्च

चष्मा तयार झाला, भाऊ येऊन घेऊन गेला.

गोष्टी छापणाऱ्या ॲपच्या संपादक बाईंचा फोन आला. गोड बोलतात आणि गळा धरतात. "ताई, यावेळी सांभाळून घेतलंय हं. पण तुमच्या गोष्टीखाली पुन्हा एक जरी संशयास्पद अकाउंट दिसलं ना, तर आम्हाला गोष्ट काढून टाकावी लागेल. एकशे बारा भागांसकट."

तीन वर्षं! चष्म्याच्या डब्यांमागे बसून लिहिलेली तीन वर्षं!

१६ मार्च, रविवार

एकशे तेरावा भाग टाकला. जुन्या बाईंशिवाय पहिला. टाकल्यावर खालची रिकामी जागा बघत बसले. नवरा म्हणाला, "फोन ठेव, डोळे जातील, मग तुझाच चष्मा तुला विकत घ्यावा लागेल."

१७ मार्च, सोमवार

धक्क्यावर धक्के!

सकाळी बघते तर नवीन अकाउंट. फोटो नाही. नावाच्या जागी नुसतं 'वाचक'. त्या अकाउंटवरची आयुष्यातली पहिली कमेंट, आणि ती माझ्या गोष्टीखाली —

"भाग वाचला. चौथ्या परिच्छेदात तिने खिडकी लावून घेतली आहे. मग सातव्यात पडदा वाऱ्याने कसा हलतो? लक्ष द्यावे. बाकी छान. दहापैकी नऊ."

खाली लगेच टोळधाड! "आल्या, आल्या, बाई नवीन वेशात आल्या!" "यावेळी मार्क पण देतायत!" कोणीतरी मुद्दाम माझी टर उडवतंय. जुन्या बाईंची नक्कल करून! म्हणे दहापैकी नऊ! संपादक बाईंनी पाहिलं तर मीच पुन्हा सुरू केलं असं वाटणार. शपथ घेऊन सांगितलं तरी कोण विश्वास ठेवेल?

काढून टाकली. आणि ते अकाउंट ब्लॉक केलं, म्हणजे त्या माणसाला माझं पान यापुढे दिसणारच नाही. जाऊ दे, पीडा गेली.

खिडकीचं मात्र खरंच चुकलं होतं. गुपचूप दुरुस्त केलं.

१८ मार्च

संपादक बाईंचा मेसेज — "तत्परतेबद्दल आभार." हुश्श! गोष्ट वाचली.

१९ मार्च, बुधवार

दुकान उघडलं तर आई पायरीवर उभी. नवा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, "यात काहीतरी घोळ आहे बघ. रविवारी तुझी गोष्ट स्वच्छ दिसत होती. सोमवारपासून दिसतच नाही."

मी काचा पुसत राहिले.